ठिबकला अ‍ॅसिड सोडायचंय? आधी दोनशे लिटरचा ड्रम भरून ठेवा

द्राक्षाचा खुडा संपला, खरड छाटणीला अजून पंधरा दिवस आहेत आणि बागेच्या शेवटच्या चार ओळींत ड्रिपर नुसते पाझरतायत. निफाड, दिंडोरी, चांदवड भागातल्या बोअरच्या पाण्यावर बाग असलेल्या कुणालाही हे चित्र नवीन नाही. पाण्यातले क्षार नळीत साचतात, ड्रिपरच्या तोंडाशी पांढरी खपली धरते आणि मग दुकानातून अ‍ॅसिडचा कॅन येतो. अ‍ॅसिड ट्रीटमेंट कशी करायची हे बहुतेकांना ऐकून माहीत असतं. अ‍ॅसिड डोळ्यात उडालं तर पहिल्या दहा सेकंदांत काय करायचं, हे मात्र क्वचितच कुणी आधी ठरवून ठेवलेलं असतं.

आमच्या घरातही ते ठरलेलं नव्हतं. माझ्या चुलतभावाने कॅनमधून मगात अ‍ॅसिड ओतलं, धार गचकली आणि थेंब डाव्या डोळ्यात गेला. तो ओरडत पाइपाकडे धावला, पण लाइट पाच मिनिटांपूर्वी गेली होती. कॉक फिरवला तर नुसती हवा आली. शेवटी मजुरांसाठी आणलेली पिण्याच्या पाण्याची अर्धी कळशी कामी आली आणि तीही दोन मिनिटांत संपली. डोळा वाचला, पण बुबुळावर डाग राहिला. रात्री समोरून गाडी आली की त्याला आजही त्या डोळ्याने नुसता उजेडाचा गोळा दिसतो. त्या दिवसापासून आमच्याकडे एक नियम आहे: पाणी भरून ठेवल्याशिवाय कॅनचं बूच उघडायचं नाही. खाली जे लिहिलंय ते सगळं या नियमाभोवतीच फिरतं.

अ‍ॅसिडची खरंच गरज आहे का?

नळी तुंबली की लगेच अ‍ॅसिड, असं नसतं. आधी ड्रिपर मोजा. ताशी 4 लिटरच्या ड्रिपरखाली वाटी धरली तर तीन मिनिटांत 200 मिली पाणी पडायला हवं. ओळीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असं दहा-बारा ठिकाणी मोजून वहीत लिहून ठेवा, काम झाल्यावर तुलनेला हेच आकडे लागतील. मग तुंबलेला एक ड्रिपर किंवा नळीचा तुकडा कापून आत बघा. पांढरी, खरखरीत खपली असेल तर तिच्यावर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे आले तर तो चुन्याचा क्षार आहे आणि त्याला अ‍ॅसिड लागू पडतं. आत हिरवा-काळा, बुळबुळीत थर असेल तर ते शेवाळ किंवा जिवाणूंची साय असते. त्यावर अ‍ॅसिडचे पैसे वाया जातात, तिथे क्लोरीनची प्रक्रिया लागते. नुसता गाळ असेल तर शेवटची टोपी उघडून नळी जोरात वाहू द्या, तेवढं पुरतं. शेततळ्याच्या पाण्यावरच्या बागेत बऱ्याचदा शेवाळ आणि गाळच निघतो.

हे एवढ्यासाठी सांगतो की घरात न आणलेल्या अ‍ॅसिडने कुणी भाजत नाही.

कोणतं अ‍ॅसिड, आणि ते आणायचं कसं

ठिबकसाठी हायड्रोक्लोरिक, सल्फ्युरिक, नायट्रिक आणि फॉस्फोरिक ही चारही अ‍ॅसिडं वापरतात. आपल्याकडे सहज मिळतं ते साधारण 30 ते 33 टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक. त्याचं बूच उघडलं की धूर येतो, नाकात झोंबतं. सल्फ्युरिकला असा धूर येत नाही, ते तेलासारखं जाडसर असतं, म्हणून माणूस गाफील राहतो. धोका मात्र त्याचाच जास्त आहे. पाणी लागताच ते उकळतं आणि कातडीत खोल उतरतं. शिवाय चुन्याचं प्रमाण जास्त असलेल्या पाण्यात सल्फ्युरिकमुळे जिप्सम तयार होऊन नळी उलट आणखी तुंबू शकते. म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याने हायड्रोक्लोरिकच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक हिशेब कायम लक्षात ठेवा. 98 टक्के सल्फ्युरिकच्या एका मिलीत 33 टक्के हायड्रोक्लोरिकच्या जवळपास साडेतीनपट ताकद असते. "शेजाऱ्याने तीन लिटर सोडलं होतं" म्हणून आपणही तीन लिटर सोडायचं आणि कॅन मात्र दुसऱ्याच अ‍ॅसिडचा, असं झालं तर मुळ्या जळतील. कॅनवर नाव आणि टक्केवारीचं लेबल नसेल तर तो घेऊ नका. कारखान्यातून निघालेलं स्वस्तातलं टाकाऊ अ‍ॅसिड तर दारातही उभं करू नका, त्यात कोणते धातू विरघळलेले असतील याचा नेम नसतो आणि ते सगळे आपल्या मातीत उतरतात.

सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये अ‍ॅसिडच्या किरकोळ विक्रीवर बंधनं घातली. विकत घेणाऱ्याचं नाव-पत्ता, फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र आणि घेण्याचं कारण दुकानदाराने नोंदवून ठेवायचं असतं. अठरा वर्षांखालच्या मुलाला अ‍ॅसिड विकता येत नाही. त्यामुळे दुकानदाराने आधार कार्ड मागितलं तर रागावू नका. मुलाच्या हाती चिठ्ठी देऊन कॅन मागवण्याची सवय असेल तर ती आजच सोडा.

आणताना 35 लिटरचा कॅन मोटारसायकलवर दोघांच्या मधे धरून आणणारे मी पाहिलेत. हायड्रोक्लोरिकचा भरलेला कॅन साधारण 41 किलो भरतो, आणि सल्फ्युरिकचा तेवढाच कॅन 64 किलोच्या पुढे जातो. पिकअपच्या हौद्यात, उभा, दोरीने बांधून आणि खाली माती भरलेली गोणी ठेवून आणा. केबिनमध्ये, माणसांजवळ नको. दोन-पाच लिटरच लागणार असेल तर लहान, सीलबंद कॅनच घ्या.

ठेवायचं कुठे

बहुतेकांचा कॅन मोटारीच्या खोलीत जातो, आणि तीच सगळ्यात वाईट जागा. हायड्रोक्लोरिकची वाफ स्टार्टरचे कॉन्टॅक्ट आणि तारा खाते. वर ती खोली बंद असते, त्यामुळे दार उघडणाऱ्याच्या तोंडावर वाफेचा भपका येतो. कॅन ठेवायची जागा सावलीची, वारा खेळता असलेली हवी आणि कॅन जमिनीवरच हवा, फळीवर नको. खाली मोठं प्लास्टिकचं घमेलं ठेवा, पाझरलं तरी त्यातच राहील. एप्रिल-मेच्या उन्हात कॅन फुगतो, आणि असा कॅन तोंडासमोर धरून उघडला की पिचकारी उडते. बूच उघडताना चेहरा बाजूला ठेवा, एक आटा फिरवा, आतली हवा सुस्कारू द्या आणि मगच पुढे फिरवा.

ब्लिचिंग पावडर, सोडियम हायपोक्लोराइट आणि चुना-गंधकाचं द्रावण अ‍ॅसिडजवळ कधीच ठेवू नका. ब्लिचिंगला अ‍ॅसिड लागलं की क्लोरीन वायू सुटतो, चुना-गंधकाला लागलं की हायड्रोजन सल्फाइड. दोन्ही वायू माणूस मारतात. ठिबकला क्लोरीनही द्यायचं असेल तर दिवस वेगळा ठेवा, ड्रम आणि मग वेगळे ठेवा, आणि मधे पूर्ण नळी साध्या पाण्याने धुऊन काढा.

आता सगळ्यात कळकळीची गोष्ट. अ‍ॅसिड पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत काढून ठेवू नका, तासाभरासाठीसुद्धा नाही. छाटणीला, विरळणीला पेठ-सुरगाण्याकडून कुटुंबं येतात. त्यांची लेकरं दिवसभर बागेत, शेडजवळ खेळत असतात. त्यांना तहान लागते, बाटली दिसते, आणि आत काय आहे हे त्यांना कसं कळणार? कॅन कुलपातच असला पाहिजे. किल्ली एकाच माणसाकडे असली पाहिजे.

कामाच्या सकाळची तयारी

दिवसा लाइट असेल असा दिवस निवडा. रात्रपाळीच्या लाइटवर हे काम करायचं नाही. अंधारात थेंब दिसत नाही आणि मदतीला कुणी नसतं. वारा पडलेला असावा किंवा एकाच दिशेने वाहणारा असावा, आपण वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं. दोघं जण हवेतच. एक काम करेल, दुसरा दहा-पंधरा फुटांवर राहून फक्त लक्ष ठेवेल.

सगळ्यात आधी पाणी. अंगावर अ‍ॅसिड सांडलं तर किमान वीस मिनिटं पाणी ओतावं लागतं. मिनिटाला दहा लिटर धरलं तरी 200 लिटर झाले, म्हणजे बरोबर एक निळा ड्रम. तो फवारणीच्या औषधाचा नको, स्वच्छ हवा. दोन मग त्याच्यावरच तरंगत ठेवा. डोळ्यासाठी तोटीचा 20 लिटरचा पिण्याच्या पाण्याचा जार उंच स्टुलावर ठेवा, त्याची बारीक धार साधारण पंधरा मिनिटं पुरते. जार संपला की ड्रमचं पाणी घ्यायचं. हे दोन्ही अ‍ॅसिडच्या ड्रमपासून दहा-बारा पावलांवर असावेत आणि मधे नळी, दगड, तार काही नसावं. डोळे मिटून तिथपर्यंत जाता येतं का, एकदा चालून बघा. खरंच बघा. अ‍ॅसिड उडाल्यावर डोळे उघडत नाहीत.

शेततळं जवळ आहे म्हणून ड्रम भरायचा कंटाळा करू नका. प्लास्टिकच्या कागदाचा उतार ओला झाला की पाय ठरत नाही. भाजलेला, आंधळा झालेला माणूस त्यात उतरला तर बाहेर येणार नाही.

अंगावर कोपरापर्यंतचे जाड रबरी किंवा नायट्राइलचे हातमोजे, गमबूट, पुढून प्लास्टिकचा अ‍ॅप्रन आणि चारही बाजूंनी बंद असलेला गॉगल हवा. उन्हाचा चष्मा चालत नाही, थेंब बाजूने आत जातो. पॅन्ट गमबुटाच्या बाहेर सोडा. आत खोचली तर ओघळ थेट बुटात उतरतो. तोंडाला बांधलेला रुमाल वाफ अडवत नाही. उलट ती धरून ठेवतो. वाफेवर खरा उपाय एकच, उघड्या हवेत काम करायचं आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहायचं.

एका डब्यात दोन-तीन किलो खायचा सोडा, शेजारी कोरड्या मातीच्या दोन पाट्या, एक छाटणीची कात्री, स्वच्छ चादर आणि चार्ज केलेला फोन ठेवा. कात्री कशाला, ते पुढे येईल.

बादलीतली चाचणी आणि हिशेब

अ‍ॅसिड किती लागेल हे पाण्यावर ठरतं. ते दुसऱ्याच्या बागेवरून ठरवता येत नाही. प्लास्टिकच्या बादलीत आपल्याच बोअरचं 10 लिटर पाणी घ्या. लोखंडी किंवा पत्र्याची बादली नको. अ‍ॅसिड धातू खातं आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू सोडतं. प्लास्टिकच्या मोजपात्राने एक-एक मिली अ‍ॅसिड टाका, लाकडी काडीने ढवळा आणि रंगतक्ता असलेल्या पीएच पट्टीवर सामू, म्हणजे पाणी किती आंबट आहे त्याचा आकडा (पीएच), बघा. सामू 4 वर आला की थांबा आणि किती मिली लागलं ते लिहा. सुरुवातीला सामू फारसा हलत नाही आणि मग एकदम घसरतो, म्हणून शेवटी घाई नको.

समजा 10 मिली लागलं, म्हणजे लिटरला 1 मिली. एका व्हॉल्व्हवर ताशी 4 लिटरचे 2,000 ड्रिपर असतील तर ताशी 8,000 लिटर आणि पंधरा मिनिटांत 2,000 लिटर पाणी जातं. त्याला 2 लिटर अ‍ॅसिड लागेल.

हे 2 लिटर व्हेंच्युरीने (पाण्याच्या दाबावर द्रावण ओढून ठिबकच्या पाइपात सोडणाऱ्या नळीने) सरळ कॅनमधून ओढायचं नाही. प्लास्टिकच्या ड्रममध्ये आधी 20 लिटर पाणी घ्या आणि त्यात अ‍ॅसिड बारीक धारेने, ड्रमच्या कडेवरून सोडा. पाण्यात अ‍ॅसिड, हा क्रम कधीच उलटा करायचा नाही. सल्फ्युरिक पाण्याच्या पावणेदोनपटीहून जड असतं. त्यावर पाणी ओतलं तर पाणी वरच तरंगतं, तिथेच उकळतं आणि अ‍ॅसिडसकट तोंडावर उडतं. अ‍ॅसिड ओतायचा मग धुतानाही हेच लक्षात ठेवा. तळाला उरलेल्या अ‍ॅसिडवर नळाची धार सोडायची नाही. अख्खा मग पाण्यात बुडवायचा, पण अंगावर ओतायला भरलेल्या ड्रममध्ये नाही.

सोडण्यापासून धुण्यापर्यंत

व्हेंच्युरीच्या आधी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे येऊ न देणारी झडप) आहे का आणि तो खरंच धरतो का, हे आदल्या दिवशी तपासा. अ‍ॅसिड चालू असताना लाइट गेली की पाइपातलं पाणी मागे ओढलं जातं. व्हॉल्व्ह खराब असेल तर अ‍ॅसिड विहिरीत जातं, आणि कित्येक मळ्यांत तीच विहीर पिण्याची असते. लाइट गेली की पहिलं काम व्हेंच्युरीचा कॉक बंद करण्याचं. फिल्टर लोखंडी असेल तर व्हेंच्युरी त्याच्या पुढे, म्हणजे पाणी फिल्टरमधून निघाल्यानंतर, जोडलेली हवी.

आधी साधं पाणी चालवून दाब बसू द्या, मग व्हेंच्युरी उघडा. पंधरा मिनिटांच्या आसपास सर्वात लांबच्या ओळीच्या शेवटच्या ड्रिपरखाली पट्टी धरा. तिथे सामू 4 आला म्हणजे अ‍ॅसिड सगळीकडे पोहोचलं. मोटार बंद करा आणि नळ्या चोवीस तास तशाच भरलेल्या राहू द्या. या काळात नळीला, ड्रिपरला कुणी हात लावू नये, पोरांनी तिथे खेळू नये. बागेच्या तोंडाशी दोरी बांधून लाल फडकं लावा आणि मजुरांना तोंडानेही सांगा.

दुसऱ्या दिवशी आधी मेनलाइन, मग सबमेन (तिच्या फाट्याचा पाइप), मग लॅटरल (ओळीतल्या ड्रिपरच्या नळ्या) अशा क्रमाने धुवा. दोन-तीन लॅटरलच्या टोप्या एका वेळी उघडायच्या, सगळ्या एकदम उघडल्या तर दाब राहत नाही. पहिलं पाणी गढूळ, खपल्यांसकट येतं आणि त्यात अजून अ‍ॅसिड असतं. टोपी काढताना गॉगल आणि हातमोजे हवेतच. आदल्या दिवशी नीट काळजी घेतलेली माणसं याच वेळी उघड्या हाताने बसतात. पाणी स्वच्छ झालं की तासभर साधं पाणी चालवा, सामू मूळ आकड्यावर आला का बघा आणि वहीतल्या ड्रिपरवर पुन्हा वाटी धरा.

अंगावर उडालं तर

इथे एक गोंधळ मी बऱ्याच लोकांत पाहिलाय. "अ‍ॅसिडवर पाणी टाकायचं नाही" हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की भाजलेल्या माणसावर पाणी टाकायलाही घाबरतात. तो नियम ड्रममधल्या अ‍ॅसिडचा आहे. अंगावर उडालेल्या अ‍ॅसिडवर पाणीच टाकायचं, लगेच, भरपूर आणि न थांबता. थोडं पाणी उष्णता वाढवतं. भरपूर पाणी ती वाहून नेतं. म्हणून ओला फडका फिरवायचा नाही, मगामागून मग ओतायचे.

पाणी ओततानाच कपडे काढा. बनियन किंवा टी-शर्ट डोक्यावरून ओढू नका, तोंडाला आणि डोळ्यांना लागेल. छाटणीची कात्री यासाठीच ठेवलीय, समोरून कापा. घड्याळ, अंगठी, गळ्यातला दोरा आणि करदोटाही काढा. करदोट्याचा सुती दोरा अ‍ॅसिड पिऊन घेतो आणि कमरेभोवती भाजत राहतो. बाई असेल तर लाजेपायी लुगडं किंवा साडी तशीच अंगावर राहते आणि तेवढ्यात कातडी जाते. दोघींनी चादर आडवी धरावी आणि कपडे काढावेत. माणसं पाठमोरी उभी राहतील, पण पाणी थांबायला नको.

वीस मिनिटं घड्याळ लावून मोजा. दुखायचं थांबलं म्हणून आधी थांबू नका. निफाडची थंडी असेल तर माणूस कुडकुडेल, तरी पाणी चालूच ठेवा, वीस मिनिटांनंतर कोरड्या चादरीत गुंडाळा. सोडा, चुना, हळद, तूप, टूथपेस्ट, शेण यातलं काहीही लावायचं नाही. सोडा अ‍ॅसिड मारतो हे खरं, पण मारताना उष्णता निघते आणि ती कातडीतच जिरते. फोड फोडू नका. स्वच्छ, कोरडं फडकं सैल ठेवा आणि दवाखान्यात न्या.

डोळ्यात गेलं तर

सेकंदसुद्धा मोलाचा आहे. जारची तोटी उघडून माणसाला तिच्याखाली आडवं करा, अ‍ॅसिड गेलेला डोळा खालच्या बाजूला ठेवा. नाहीतर धुतलेलं पाणी चांगल्या डोळ्यात जाईल. धार नाकाकडून कानाकडे वाहू द्या. वेदनेने पापण्या घट्ट मिटतात, तो आपणहून उघडणार नाही. दुसऱ्याने दोन बोटांनी वरची आणि खालची पापणी ताणून धरली पाहिजे. वर बघ, खाली बघ, डावीकडे, उजवीकडे असं सांगत राहा, म्हणजे पापण्यांमागे अडकलेलं निघेल. लेन्स असेल आणि सहज निघत असेल तर काढा. फवारणीच्या पंपाची धार डोळ्यावर मारायची नाही, ती डोळा फाडते. वीस ते तीस मिनिटं धुवा आणि गाडीतही बाटलीने धुणं चालू ठेवा. घरातले कुठलेही थेंब टाकू नका. दिसायला ठीक वाटलं तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवा.

पोटात गेलं तर, वाफ लागली तर

अ‍ॅसिड पोटात गेलं तर उलटी करवायची नाही. जाताना अन्ननलिका भाजलेली असते, येताना पुन्हा भाजते. मिठाचं पाणी, लिंबू, सोडा, घशात बोटं, काहीही नको. सोड्याने तर पोटात वायू आणि उष्णता तयार होऊन जठर फाटू शकतं. शुद्धीवर असेल तर पाण्याने चूळ भरून थुंकायला लावा आणि डॉक्टर सांगेपर्यंत पोटात काही देऊ नका. ओठांवर भाजल्याची खूण नाही म्हणून आत काही झालं नाही असं धरायचं नाही, मुलांच्या बाबतीत तर मुळीच नाही. कॅन किंवा त्याच्या लेबलचा फोटो सोबत न्या, डॉक्टरचा पहिला प्रश्न "कोणतं अ‍ॅसिड?" हाच असतो.

वाफेने खोकला लागला, छाती आवळली तर माणसाला वाऱ्याच्या वरच्या बाजूला मोकळ्यावर न्या, बसतं ठेवा, गळ्याची बटणं सैल करा. आडवं झोपवू नका. बंद खोलीत किंवा विहिरीजवळच्या खड्ड्यात कुणी कोसळलं असेल तर मागे उडी मारायची नाही. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो, आणि वाचवायला गेलेला पहिल्याच्या शेजारी पडतो. दारं उघडा, बाहेरून दोर टाका आणि 101 वर अग्निशमन दलाला बोलवा. वाफ जोरात लागलेल्या माणसाला तासाभराने बरं वाटतं आणि रात्री पुन्हा श्वास लागतो, फुप्फुसात पाणी उशिरा भरतं. त्यामुळे त्याला दवाखान्यात दाखवाच आणि पुढचे चोवीस तास एकटं सोडू नका.

फोन आणि दवाखाना

108 वर फोन करा, पण धुणं थांबवून नाही. एकाने पाणी ओतायचं, दुसऱ्याने बोलायचं. मळ्यातला पत्ता सांगणं हेच अवघड असतं, म्हणून आधीच एका कागदावर लिहून शेडच्या दाराला चिकटवा: तालुका, गाव, शिवार, गट नंबर, डांबरी रस्ता कुठे सोडायचा आणि तिथली ओळखीची खूण. एखाद्याला फाट्यावर उभं करा, नाहीतर गाडी दुसऱ्याच मळ्यात जाते. अ‍ॅसिडचं नाव, शरीराचा कोणता भाग, किती वेळ धुतलं, एवढं सांगा. विषबाधेच्या सल्ल्यासाठी दिल्लीच्या एम्समधल्या केंद्राचा 1800 116 117 हा टोल-फ्री क्रमांकही त्याच कागदावर लिहा. डॉक्टरलाही तो उपयोगी पडतो.

निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंतला सरकारी रुग्णालयं आहेत. मोठी इजा असेल तर नाशकात त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय, किंवा मुंबई-आग्रा महामार्गालगत आडगावचं डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. मात्र वीस मिनिटांचं धुणं अर्धवट टाकून सुसाट गाडी नेण्यात अर्थ नाही. कातडीवरचं अ‍ॅसिड रस्ताभर आपलं काम करतच राहतं.

जमिनीवर सांडलं तर

माणसं दूर करा आणि गॉगल, हातमोजे चढवा. कॅन आडवा झाला असेल आणि सुरक्षित हात पोहोचत असेल तर उभा करा. मग ओघळाच्या पुढे कोरड्या मातीचा बांध घाला, विहीर, चारी किंवा ओढ्याच्या बाजूला आधी. लाकडाचा भुसा टाकू नका, तीव्र नायट्रिक किंवा सल्फ्युरिक लागून तो पेटू शकतो. निफाडच्या काळ्या चुनखडीच्या जमिनीत सांडलेलं अ‍ॅसिड स्वतःच फसफसतं, त्या बुडबुड्यांना घाबरू नका, पण त्यावर वाकूही नका.

खायचा सोडा कडेकडून मध्याकडे थोडा-थोडा भुरभुरवा. 33 टक्के हायड्रोक्लोरिकच्या एका लिटरला सुमारे 900 ग्रॅम सोडा लागतो, आणि 98 टक्के सल्फ्युरिकच्या एका लिटरला तीन किलोच्या वर. म्हणजे घरातली सोड्याची पुडी या कामाला पुरणार नाही. बोर्डो मिश्रणासाठी आणलेला कळीचा चुना समोर दिसेल, तो वापरू नका, ओलीशी गाठ पडली की तो भडकून तापतो. फसफस थांबली की ओल्या मातीवर पट्टी लावा. सामू 6 ते 8 च्या मधे आला की माती खरडून प्लास्टिकच्या ड्रममध्ये भरा, मग जागा पाण्याने धुवा. ते पाणी नाल्यात जाऊ देऊ नका, इथला नाला पुढे कादवा-बाणगंगेला आणि तिथून गोदावरीलाच मिळतो. पूर्ण कॅन फुटला, ओघळ रस्त्यावर किंवा विहिरीत गेला, तर स्वतः झुंजू नका, 101 किंवा 112 वर फोन करा आणि विहिरीचं पाणी पिणाऱ्या प्रत्येक घराला त्याच घटकेला कळवा.

रिकामा कॅन

तो जाड असतो, झाकण घट्ट बसतं, आणि म्हणूनच कुणीतरी तो पाण्याला, ताकाला, डिझेलला मागतो. द्यायचा नाही. अ‍ॅसिडचं द्रावण करायच्या दिवशीच त्याच ड्रमच्या वीस लिटरमधलं थोडं पाणी बाजूला काढून ठेवा. आधी कॅन पूर्ण निथळून घ्या. आत नुसता ओलसरपणा उरला की भरपूर पाणी एकदम घालून खळबळा, आणि ते पाणी पुन्हा ड्रमातच ओता. सल्फ्युरिकचा कॅन असेल तर तो उघडा करून साध्या पाण्याने भरलेल्या वेगळ्या ड्रममध्ये पूर्ण बुडवूनच धुवा. असं तीन वेळा केलं की आतल्या पाण्यावर पट्टी धरा. ती साध्या पाण्यासारखी आली की लेबल फाडा, कोयत्याने कॅनचे मधून दोन तुकडे करा, आणि कुलपाची किल्ली खिशात असल्याची खात्री करूनच जेवायला जा.